मालमोटारींचे अपघात : कारणे आणि आपले कर्तव्य

सकाळच्या चहातील साखर, ताटातील भात, मुलांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध, नव्या घराच्या विटा यांपैकी बहुतेक प्रत्येक वस्तू आपल्या दारी येण्यापूर्वी एखाद्या मालमोटारीच्या हौद्यात बसून आलेली असते. लासलगावचा कांदा कोलकात्याच्या बाजारात पोहोचतो आणि हिमाचलची सफरचंदे मडगावच्या दुकानात मांडली जातात, ती काही आपोआप नव्हे. त्यांच्यामागे रात्रभर चक्र हाती धरून बसलेला एक चालक असतो आणि त्याच्या शेजारी पेंगणारा एक क्लीनर असतो. आपला संसार ज्यांच्या चाकांवर चालतो, अशांपैकी हे दोघे होत.

असे असूनही, राजमार्गावर मागून मालमोटारीचा कर्णा ऐकू आला की आपल्या मनात कृतज्ञतेऐवजी धास्ती उभी राहते. ही धास्ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली व त्यांत १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. म्हणजे दररोज सुमारे ४६० घरांत आकांत झाला. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या अवघी दोन टक्क्यांच्या आसपास. परंतु एकूण मृत्यूंपैकी छत्तीस टक्के मृत्यू याच रस्त्यांवर झाले. हे सारे अपघात मालमोटारींचे नव्हेत, हे उघड आहे. तथापि ज्या अपघातात एका बाजूस मालमोटार आणि दुसऱ्या बाजूस दुचाकी, रिक्षा किंवा लहान मोटार असते, तेथे कोणाचे घर उघडे पडते हे सांगण्याची गरज नाही.

अशा अपघाताची बातमी आपण वाचतो. तिच्यात बहुधा एक ठरावीक वाक्य असते : ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ ते वाचून आपण सुस्कारा टाकतो आणि पान उलटतो. जणू ब्रेक निकामी होणे ही वीज कोसळण्यासारखी दैवाधीन गोष्ट आहे! वस्तुतः ब्रेक एकाएकी क्वचितच निकामी होतो. तो निकामी व्हावा अशी तजवीज काही तास, काही दिवस, कधी काही महिने आधीपासून माणसांच्या हातून होत असते. ती कशी, हे या लेखात पाहू या.

वजन आणि वेग यांचा हिशेब

घरातील लहान मोटार माणसांसह साधारण एक ते दीड टन वजनाची असते. दोन आसांच्या मालमोटारीला भारासह १८.५ टन आणि तीन आसांच्या मालमोटारीला २८.५ टन वजनाची मुभा २०१८ साली देण्यात आली. त्यापूर्वी या मर्यादा अनुक्रमे १६.२ व २५ टन होत्या. म्हणजे एकाच वेगाने धावणाऱ्या दोन वाहनांपैकी मालमोटारीच्या अंगी लहान मोटारीच्या पंधरा-वीस पट जोर साठलेला असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट न होता चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी तीच गाडी थांबविण्यास ब्रेकला चौपट कष्ट पडतात. याच कारणास्तव मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घालणारे वेगनियंत्रक बसविण्याचा नियम २०१५ साली करण्यात आला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मोठ्या मालमोटारीचे ब्रेक दाबलेल्या हवेच्या जोरावर चालतात. पायाने पट्टी दाबल्यापासून ती हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोहोचेस्तोवर क्षणाचा काही अंश जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. धोका डोळ्यांना दिसणे, पाय हलणे, हवा पोहोचणे आणि चाके धरली जाणे या सगळ्यांत जो काळ जातो, तेवढ्यात मालमोटार एका लहान वाड्याची लांबी ओलांडून गेलेली असते. आपण दुचाकीवरून तिच्यासमोर वळण घेतो तेव्हा ‘तो थांबेल’ असे गृहीत धरतो. त्याची थांबण्याची इच्छा असते, परंतु त्याच्या गाडीची तेवढी शक्ती नसते.

घाटाचा उतार

मालमोटारीची खरी कसोटी चढावर नसून उतारावर लागते. चढावर ती कण्हत कण्हत, पण सुरक्षित जाते. उतारावर मात्र पृथ्वीचे आकर्षण तिला सतत पुढे ओढत राहते आणि तो सारा जोर कोठेतरी जिरवावा लागतो. ब्रेकचे काम म्हणजे हा जोर घर्षणाने उष्णतेत बदलणे. ही उष्णता किती असते, याचा घरगुती हिशेब मांडू. २८.५ टनांची मालमोटार ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर सुमारे २८० लिटर थंड पाण्याला उकळी आणता येईल. एवढे पाणी तापविण्यास आपल्या घरचा बंब किती वेळा पेटवावा लागेल, याचा गृहिणींनीच अंदाज करावा! ही सगळी उष्णता केवळ ब्रेकवर टाकली, तर ब्रेकचे पट्टे तापून त्यांची पकड सुटते आणि लोखंडी ड्रम प्रसरण पावून पट्ट्यांपासून दूर सरकतात. चालक पाय दाबत राहतो आणि गाडी धावतच राहते. चाकांतून धूर येतो, जळका वास सुटतो. यालाच आपण ‘ब्रेक फेल झाला’ असे म्हणतो.

यावरील उपाय नवा नाही. जुने चालक नव्यांना शिकवीत आले आहेत की, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये घाट उतर. खालच्या गिअरमध्ये गाडी उतरत असली म्हणजे इंजिनच तिला मागे खेचून धरते आणि ब्रेकला मधून मधून विसावा मिळतो. दुर्दैवाने याच्या नेमके उलट वागण्याची एक खोड आपल्या रस्त्यांवर मूळ धरून बसली आहे. उतार आला की काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. काही तर इंजिनच बंद करतात. हेतू एकच, डिझेल वाचावे. पुष्कळदा वाचलेल्या डिझेलचे चार पैसे चालकाच्या पदरात पडतात, आणि त्याच्या तुटपुंज्या मिळकतीत ते मोलाचे असतात.

परंतु हा हिशेबच चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तर उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि आजच्या इंजिनांत त्या वेळी डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. आणि इंजिन बंद केले, तर ब्रेकसाठी हवा भरणारा पंप बंद पडतो. चारदोन वेळा पाय दाबला की टाकीतील हवेचा दाब घसरू लागतो. चक्रही जड होते. म्हणजे बचत नाहीच, वर हातातील दोन्ही आयुधे गमावली!

याची उदाहरणे दूर शोधण्याचे कारण नाही. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका मालमोटारीने एकामागून एक वाहनांना धडका दिल्या आणि चाळिसांहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्यात आले होते, असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. त्याच उतारावर १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा एक अवजड वाहन अनावर झाले; दोन मोठ्या वाहनांमध्ये एक मोटार चिरडली, आग लागली आणि आठ जणांचा अंत झाला. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी घाट उतरून आलेली मालमोटार वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या उपाहारगृहात शिरली. त्या वेळी किमान दहा माणसे दगावली. त्यांत गाडीची वाट पाहत थांबलेली माणसेही होती. इंदूरकडे जाणाऱ्या वाचकांना मानपूरजवळचा गणपती घाट आणि तामिळनाडूतील वाचकांना धर्मपुरी जिल्ह्यातील तोप्पूर घाट याच कारणामुळे ठाऊक असेल. राज्ये वेगळी, भाषा वेगळ्या. उताराचा नियम मात्र एकच.

अशा घाटांत काही ठिकाणी रस्त्याच्या कडेने खोल खडी भरलेली, चढावर नेलेली एक पट्टी तयार केलेली असते. अनावर झालेली गाडी तिच्यात घातली की चाके खडीत रुततात आणि गाडी थांबते. ती पट्टी म्हणजे मोटार उभी करून छायाचित्रे काढण्याची जागा नव्हे, हे सहलीला निघणाऱ्या मंडळींनी अवश्य लक्षात ठेवावे.

शक्तीबाहेरचा भार

बैलाच्या पाठीवर किती ओझे लादावे, हे शेतकऱ्याला कळते. यंत्राच्या बाबतीत मात्र आपला समज असा की, लोखंडाला काय दुखते! मालमोटारीचे ब्रेक, टायर आणि पाटे एका ठरावीक वजनासाठी बनविलेले असतात. जादा माल मावावा म्हणून काही मालक पाट्यांत आणखी पाटे घालतात आणि हौद्याचे फाळके उंच करतात. पाटे वाढविले म्हणून ब्रेकची शक्ती वाढत नाही. वजन वाढले की गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. माल उंच रचला की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडते. घासलेले किंवा निकृष्ट रीतीने रिमोल्ड केलेले टायर उन्हाळ्याच्या दुपारी जादा भाराखाली तापून फुटतात. पुढचा टायर फुटला, तर निष्णात चालकाच्या हातीही फारसे काही उरत नाही.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये अशी शिक्षा ठरविण्यात आली. हौद्याबाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळयांची वाहतूक करण्याची सवलत त्यापूर्वीच, २०१४ साली, काढून घेण्यात आली होती. कारण मागून येणाऱ्या वाहनातील माणसांच्या छातीत त्या भाल्यासारख्या घुसत. कायदा झाला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु घराचे बांधकाम काढणारा गृहस्थ ‘दोन खेपांऐवजी एकाच खेपेत वाळू आणा’ असा आग्रह धरतो, तेव्हा त्या जादा भारात त्याचाही वाटा असतो, हे आपण विसरतो.

डोळ्यांवरची झोप

आता त्या चक्रामागील माणसाकडे वळू. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला, तेव्हाच दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती हे तत्त्व मान्य झाले. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लोटली. प्रत्यक्षात लांब पल्ल्याचा चालक पुष्कळदा खेपेवर मोबदला घेतो. खेप जितकी लवकर पुरी होईल, तितकी पुढची लवकर मिळते. गोदामाच्या दारात माल भरण्या-उतरविण्यासाठी तो अनेक तास खोळंबतो. त्या तासांचा कोणी हिशेब ठेवीत नाही. पण पोहोचण्याची वेळ मात्र तीच राहते. मग दिवसा खोळंबलेला हा माणूस रात्री धावू लागतो.

मध्यरात्रीनंतर, विशेषतः दोन ते पाच या वेळात, मनुष्याचे शरीर निसर्गतःच झोप मागते. या वेळी येणारी डुलकी एवढी चोरपावलांनी येते की, ती आली होती हे स्वतः चालकालाही कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असता तीन सेकंद डोळे मिटले, तर गाडी सुमारे ६७ मीटर अंतर आंधळेपणाने कापते. सतत सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस मद्य घेतलेल्या माणसासारखाच चुका करतो, असे प्रयोगांती आढळून आले आहे. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी, खिडकीतून येणारा वारा यांनी झोप काही काळ लांबते, टळत नाही. झोपेला उतारा एकच, तो म्हणजे झोप. गाडी सुरक्षित जागी लावून घेतलेली वीस मिनिटांची झोपसुद्धा प्राण वाचवू शकते.

उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीत बसून पाचशे किलोमीटर जाणे म्हणजे काय, याची कल्पना खिडकीच्या काचा वर करून बसणाऱ्यांना सहसा येत नाही. २०२५ सालापासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले आहे. ही चैन नसून सुरक्षिततेची तरतूद आहे, हे समजून घेतले पाहिजे. मात्र जुन्या गाड्या अद्याप पुष्कळ वर्षे रस्त्यावर राहतील. त्यांतील चालकांसाठी स्वच्छ विश्रांतिस्थाने, अंघोळीची सोय आणि गाडी निर्धास्तपणे उभी करता येईल अशी जागा यांची गरज कायम राहणारच.

अंधारात उभी असलेली गाडी

धावणाऱ्या मालमोटारीइतकीच, किंबहुना रात्री तिच्याहून घातक, अशी मालमोटार म्हणजे रस्त्यात उभी असलेली. टायर फुटतो, आस मोडतो, आणि गाडी होती तेथेच थांबते. मागचे दिवे बंद, परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली आणि रंग धुळीसारखाच. लहान मोटारीच्या मंद झोतात साधारण चाळीस-पन्नास मीटर रस्ता नीट दिसतो. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबण्यास साठ-सत्तर मीटर लागतात. म्हणजे जे दिसेल, ते टाळण्यास उशीर झालेलाच असतो. हौद्याचा मागचा भाग लहान मोटारीच्या टपाच्या उंचीवर येतो. म्हणून मागून घुसणाऱ्या वाहनाला अडविणारा लोखंडी दांडा तेथे असणे कायद्याने आवश्यक आहे. तो गंजलेला किंवा वाकून वर गेलेला असेल, तर असून नसल्यासारखाच होय.

बंद पडलेल्या गाडीमागे परावर्तक त्रिकोण पुरेशा अंतरावर मांडावा. आपल्याकडे त्याऐवजी दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड मात्र पुढच्या दुचाकीस्वाराची वाट पाहत तेथेच राहतात! ऊसतोडणीच्या हंगामात दिव्यांवाचून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोडगाड्यांनाही हेच लागू आहे.

जे चालकाला दिसत नाही

उंच आसनावर बसलेल्या चालकाला सारे काही दिसत असेल, असा आपला समज असतो. तो खरा नाही. गाडीच्या नाकापुढील काही फूट, मागची बाजू आणि विशेषतः डाव्या बाजूचा मोठा पट्टा त्याच्या नजरेआड असतो. शिवाय लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता वळणाच्या आतल्या अंगाने जातात. चौकात डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या आणि कठड्याच्या मध्ये जी मोकळी जागा दिसते, ती क्षणभराचीच असते. सायकलस्वार तेथे शिरतो आणि जागा मिटते. यावर एक सोपी खूण आहे : मालमोटारीच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, असे खुशाल समजावे.

आपण काय करावे?

वाचकहो, मालमोटारी आपण चालवीत नाही. मग हे सारे आपल्याला कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. रस्ता सर्वांचा आहे, म्हणून त्यावरील दक्षताही सर्वांचीच असली पाहिजे. पुढील गोष्टी घरातील प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, ध्यानी ठेवाव्यात.

मालमोटारीच्या मागे अगदी लगटून जाऊ नये आणि तिच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये. ओलांडावयाचे असल्यास उजवीकडून, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत असता, रेंगाळत न बसता ओलांडावे आणि ओलांडल्यावर लगेच तिच्यासमोर ब्रेक लावू नये. घाटाच्या पायथ्याशी, उतार संपतो तेथे, वाहन उभे करू नये, चहासाठीसुद्धा नाही. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चाकांतून धूर दिसला किंवा तिचा कर्णा सतत वाजू लागला, तर हुज्जत न घालता वाट द्यावी. पहाटेचा प्रवास टाळता येत असेल, तर टाळावा.

अपघात दिसला, तर थांबावे. मदत करणाऱ्याला पोलिसांचा व न्यायालयाचा ससेमिरा लागतो, ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे आणि त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि राष्ट्रीय महामार्गांसाठीचा १०३३ हा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा. पहिल्या तासात मिळालेला उपचार पुष्कळदा जीव आणि मृत्यू यांमधील अंतर ठरवितो.

जे वाचक व्यापारी किंवा कारखानदार आहेत, त्यांच्यावर अधिक जबाबदारी आहे. माल पोहोचविण्याची वेळ ठरविताना चालकाच्या झोपेचे तास त्यात धरावेत. गोदामाच्या आवारात त्याला सावली, पाणी आणि पाठ टेकण्यापुरती जागा द्यावी. मालकांनी डिझेलच्या बचतीवर बक्षीस देण्याआधी अपघाताविना गेलेल्या वर्षाचे बक्षीस द्यावे आणि चालकांच्या डोळ्यांची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. अधू दृष्टीचा चालक चष्म्यावाचून गाडी चालवीत असेल, तर तो दोष त्याच्या एकट्याचा नव्हे.

आणि ज्या घरचा कर्ता पुरुषच मालमोटार चालवितो, त्या घरातील भगिनींनो, ‘लवकर या’ हे शब्द आपल्या तोंडून प्रेमापोटीच निघतात. पण फोनवर बोलताना ते दोन शब्द बदलून पाहावेत : ‘उशीर झाला तरी चालेल.’ चालकाच्या मनावरचे ओझे याने हलके होते आणि हलक्या मनाचा माणूस घाटात वरचा गिअर टाकण्याची घाई करीत नाही.

‘अति घाई, संकटात नेई’ अशी पाटी आपल्या रस्त्यांवर जागोजागी दिसते. आपण ती चालकांसाठी लिहिलेली समजतो. वस्तुतः ती माल मागविणाऱ्या, भरणाऱ्या, पाठविणाऱ्या आणि त्याची वाट पाहणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे. पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल झाला’ हे वाक्य वाचनात येईल, तेव्हा पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : भार किती होता? चालक केव्हापासून जागा होता? आणि त्याला एवढी घाई कोणी लावली होती? हे तीन प्रश्न ज्या दिवशी आपण सर्वजण विचारू लागू, त्या दिवसापासून ती बातमी छापण्याचे प्रसंगही कमी होऊ लागतील.